कासारखेड्याचं धुरांडं

“धुरांडं काय पायानं चालत गेलं का रे?” मी विचारलं.

प्रफुल्ल बडगुजर माझ्या टेबलासमोर उभा होता. काखेत नकाशाची फळी, हातात अर्धं सोललेलं केळं. एकट्यानं विमान घेऊन फेरी मारून तो नुकताच उतरला होता, आणि उतरल्या उतरल्या त्याला भूक लागायची.

“नव्हतं ना बाई. दोन चकरा मारल्या मी.”

“कासारखेड्यावरच मारल्यास ना? की दुसऱ्याच कुणाच्या गावावर?”

“रूळ होते, नाला होता, पूल होता. सगळं होतं. धुरांडं तेवढं नव्हतं.”

“मग पुढे कसा गेलास?”

“घड्याळ बघून वळलो.” त्यानं केळ्याचा घास घेतला. “लिहून देऊ का?”

“दे. नियमच आहे तो.”

त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, ‘कासारखेडा. सूतगिरणीचं धुरांडं दिसलं नाही.’ खाली सही आणि सोमवारची तारीख. मी चिठ्ठी वाचली, हसले आणि पर्समध्ये टाकली. दुरुस्तीच्या वहीत चढवली नाही.

त्याला कारण होतं. महिन्यापूर्वी ह्याच बाळानं ढगाच्या सावलीची ‘नवीन तलाव’ म्हणून नोंद करून दिली होती, आणि मी ती भाबडेपणानं निळ्या पेन्सिलीनं भिंतीवरच्या नकाशात काढलीही होती. पुढे आठवडाभर पोरं त्या जागेला ‘बडगुजर सागर’ म्हणत होती. आणि कासारखेड्याचं धुरांडं म्हणजे काय साधंसुधं? शंभर फूट उंच, लाल विटांचं. गिरणी बंद पडून दहा वर्षं झाली तरी ते उभंच होतं. आमच्या क्लबात विमान शिकलेला प्रत्येक माणूस त्याच्यावरून वळलेला. ते असं सोमवारी उठून नाहीसं होतं होय?

ह्याला आता सव्वीस वर्षं झाली. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे.

आमचा क्लब म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी एक डांबरी धावपट्टी, एक पत्र्याची शेड, तीन विमानं आणि एक कडुलिंब. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले. शिक्षण मॅट्रिक आणि टायपिंगची परीक्षा. कॅप्टन बिवलकर मुख्य प्रशिक्षक. त्यांचे पाठ मी टाइप करायचे, टाइप करता करता वाचायचे, आणि अडलं की घरी जाऊन पोळ्या लाटताना त्याच्यावर विचार करायचे. एकदा वर्गात सरांनी विचारलं, वारा आडवा असला तर विमानाचं नाक कुठे धरायचं? पोरं गप्प. मी हजेरीपट घेऊन दाराशी उभी होते. तोंडातून निघूनच गेलं, “सर, तापीला पूर आला की नावाडी समोरच्या घाटावर नेम धरत नाही. वरच्या अंगाला धरतो. घाटावर आपोआप येतो.”

मला वाटलं, संपली नोकरी. सर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “खैरेबाई, हजेरीपट ठेवा खाली. खडू घ्या.”

तेव्हापासून नकाशाचा तास माझा. कागदोपत्री मी टायपिस्टच. वरून कुणी तपासायला आलं की खडू सरांच्या हातात आणि मी टाइपरायटरपुढे. पण नऊ वर्षं पोरांना नकाशावर रेघ मारायला मी शिकवलं. रेघेवर दर पाच मिनिटांच्या खुणा कशा करायच्या, वाऱ्याचा हिशेब कसा धरायचा, सगळं. सरांचे तीन शब्द मी रोज फळ्यावर लिहायचे: घड्याळ, नकाशा, जमीन. आधी घड्याळ बघायचं, किती मिनिटं झाली. मग नकाशात बघायचं, इतक्या मिनिटांनी काय यायला हवं. आणि मग खाली बघायचं, आलं का.

“आणि वाट चुकलो तर?” दर वर्षी कुणीतरी विचारायचंच.

“तर उलटं वाचायचं,” सर मागच्या बाकावरून म्हणायचे. “आधी जमीन, मग नकाशा. आणि जमिनीवर जे आहे ते बघायचं, हवं आहे ते नाही. माणूस घाबरला की त्याला हवी ती नदी दिसते.”

मी स्वतः विमानात एकदाही बसले नव्हते. पोहायला न शिकता पोहण्यावर भाषण देणाऱ्यातली मी. घरी आमचे हे म्हणायचे, “आमच्या हिला आकाशातला रस्ता ठाऊक, पण स्टँडवरून घरी यायला रिक्षा लागते.”

छापील नकाशा जुना होता, मी परकरात होते तेव्हाचा. त्यामुळे एकट्यानं जाऊन आलेल्या पोरानं चिठ्ठी द्यायची: नवीन काय दिसलं, नकाशातलं काय दिसलं नाही. मी ते वहीत चढवायचे आणि भिंतीवरच्या मोठ्या नकाशात भरायचे. नवा पूल, नवी पाण्याची टाकी, बुजवलेली खाण. रोज सकाळी साडेसहाला सर येत, खुर्चीत बसून डोळे मिटत आणि म्हणत, “वाचा.” मी वहीतल्या नव्या नोंदी वाचायचे. ते एकेक पुटपुटत मनात ठेवायचे.

“तुम्हीच वाचून घ्या ना सर,” मी एकदा म्हणाले होते.

“तुमचं अक्षर मुंगीच्या पायांचं, बाई. वाचा तुम्हीच.”

मोठ्या माणसाच्या लहरी असतात, आणि सरांच्या अलीकडे दोन वर्षांत वाढल्या होत्या. उड्डाणवहीत सही करताना ते म्हणायचे, “बोट.” मी रकान्यावर बोट ठेवायचे, त्याच्या शेजारी ते सही करायचे. पोरांशी बोलताना कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून बघायचे. पोरं चळचळ कापायची, ह्यांना आपलं खोटं कळतं म्हणून. आणि विमान हल्ली ते स्वतः उतरवत नसत. “मी उतरवून तुम्हाला काय येणार? उतरव तू.” बाकीचे प्रशिक्षक विमान चालवायचा दांडा हातातून सोडत नाहीत, आमचे सर बघा, असं आम्ही कौतुकानं सांगत असू.

गुरुवारी हेमांगी वाणीची परीक्षा होती. किराणा दुकानदाराची मुलगी, एकोणीस वर्षांची, आमच्या क्लबातली दुसरीच मुलगी. सरांबरोबर तीन टप्प्यांची फेरी करायची. सरांनी सही केली की शुक्रवारी तीच फेरी एकटीनं. घरी स्थळं बघणं चालू झालं होतं. बापानं शब्द दिला होता, “ह्या महिन्यात एकटी जाऊन ये, मग वर्षभर लग्नाचा विषय काढत नाही.” महिना संपायला दोन दिवस होते.

चार माणसांचं विमान काढलं होतं. मी नकाशा द्यायला विमानापाशी गेले तर सर म्हणाले, “खैरेबाई, मागे बसा.”

“मी?”

“नऊ वर्षं नकाशा शिकवताय. एकदा जमीन बघून घ्या.”

“सर, पण टायपिंग पडलंय…”

“बसा.”

हेमांगीनं मला पट्टा बांधून दिला. तिचे हात थंडगार होते, माझे त्याहून. मला एका कानाचा जुना हेडफोन मिळाला. ऐकू यायचं, पण बोलायला माईक नव्हता. “मागे बसणाऱ्यानं तोंड मिटून बसायचं,” सर म्हणाले. “कुठेही मिटत नसलात तरी इथे.”

सात वाजून वीस मिनिटांनी आम्ही उडालो.

पहिल्यांदा काय वाटलं ते सांगू? फसवणूक वाटली. कुठल्याच गावावर नाव लिहिलेलं नव्हतं. नकाशात नदी निळी असते, खाली ती पांढरी होती, नुसती वाळू. रस्ता लाल असतो, तो राखाडी होता. नांगरून टाकलेली काळी शेतं, मध्ये केळीच्या बागांचे हिरवे चौकोन, आणि वर एप्रिलचा धुरकट उजेड. त्यात माझ्या पेन्सिलीची रेघ कुठेच नव्हती.

पण सर होते ना. हात मांडीवर ठेवून शांत बसले होते, आणि जमीन त्यांच्या शब्दावर चालत होती.

“सात मिनिटं. आता उजवीकडे दोन टेकड्या येतील. उंटाच्या पाठीसारख्या.”

आल्या.

“बारा. रस्त्याला फाटा फुटेल, फाट्यावर पाण्याची टाकी. नवी आहे, पांढरी.”

फुटला. टाकी पांढरी. ती टाकी दोनच महिन्यांपूर्वी मी वहीत चढवली होती, मीच त्यांना वाचून दाखवली होती. मी मनात म्हटलं, इंदुमती, ह्या माणसानं तुझ्या हातात खडू दिला.

“बावीस,” सर म्हणाले. “काय पाहिजे इथे, वाणी?”

“कासारखेडा, सर. रूळ, नाला, नाल्यावर पूल.” हेमांगीची मान इकडून तिकडे फिरली. “आणि गिरणीचं धुरांडं.”

“मग?”

“रूळ आहेत सर. नाला… हो, पूलपण आहे.”

“आणि धुरांडं?”

तिची वेणी माझ्या गुडघ्यापुढे हलत होती, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मीही खिडकीला नाक लावलं.

“ते काय,” सर म्हणाले. “तुझ्या डाव्या पंखाच्या टोकाशी. बोटासारखं उभं आहे. दिसलं?”

मी पंखाच्या टोकाशी बघितलं. कौलं होती. चिंचेची झाडं होती. उभं असं काही नव्हतं.

हेमांगीनं मान लांब करून पंखाकडे बघितलं.

“दिसलं?”

“दिसलं, सर,” हेमांगी म्हणाली.

“शाबास. वळ.”

तुम्ही म्हणाल, मला तेव्हाच कळलं. नाही कळलं. मला वाटलं, धुरांडं आहे आणि मलाच ओळखता येत नाही. वरून बोटासारखं दिसत असेल असं, मी कुठे कधी बघितलंय? अकरा हजार तास उडालेला माणूस म्हणतो आहे, त्याची विद्यार्थिनी हो म्हणते आहे. मी कोण, तर टायपिस्ट. मी तर चिंचेच्या एका झाडाला धुरांडं ठरवायच्या बेतात होते.

तेवढ्यात विमान डावीकडे कललं. पंख खाली गेला आणि कासारखेडा माझ्या खिडकीत आरशासारखा उभा राहिला. गिरणीचं आवार. मधोमध विटांचं एक गोल कडं, पडक्या विहिरीच्या काठासारखं. त्याच्या भोवती लाल मातीचा पसारा. दोन ट्रक. आणि मुंग्यांएवढी माणसं विटा भरत होती.

माझ्या मांडीवर पर्स होती, पर्समध्ये प्रफुल्लची चिठ्ठी. मी ती बाहेर काढली नाही, नुसता पर्सवर हात दाबून धरला. मनात एकेक गोष्ट येऊन बसत गेली, शाळा भरताना पोरं येऊन बसतात तशी. ‘वाचा.’ ‘बोट.’ ती तिरकी मान. ‘उतरव तू.’

तरीही मला खात्री नको होती. माणूस वाईट गोष्टीची खात्री करून घेताना सुद्धा वेळ काढतो. दुसरा टप्पा तसाच गेला. सर सांगत होते, जमीन येत होती. तिसऱ्या टप्प्यावर नदी ओलांडताना खाली वाळूत एक मांडव दिसला. लग्नाचा, लाल-पांढरा, भलामोठा. पात्राच्या मधोमध, आंधळ्यालाही दिसावा असा. हा शब्द माझ्या मनात आला आणि मी त्याला तिथेच थांबवलं.

मी पुढे वाकले आणि सरांच्या कानाशी ओरडून विचारलं, “सर, ते खाली काय आहे हो? नदीत?”

सरांनी मान तिरकी केली. खाली बघितलं, मग आणखी तिरकी करून बघितलं.

“नकाशात नाही ते विचारू नका, खैरेबाई,” ते हसून म्हणाले.

“मांडव आहे बाई,” हेमांगी म्हणाली. “लग्नाचा.”

आठ वाजून एकेचाळीस मिनिटांनी आम्ही क्लबवर आलो. कागदावर मी स्वतः एकेचाळीसच काढून दिलं होतं. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. सगळं बरोबर आलं, ह्याचीच मला भीती वाटली. हेमांगीनं विमान उतरवलं, थोडं आपटलं, पण उतरवलं. सरांचे हात मांडीवरच होते.

कडुलिंबाखाली मी तिला गाठलं.

“धुरांडं दिसलं का तुला?”

“सर म्हणाले ना.”

“सर काय म्हणाले ते मी ऐकलंय. तुला दिसलं का?”

तिनं बुटाच्या टोकानं निंबोळी चिरडली. “बाई, मला वाटलं मलाच ओळखता येत नाही. आणि नाही म्हटलं असतं तर उद्याचं गेलं असतं. सर किती सहज म्हणाले, ‘ते काय.’ त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणू?”

“उद्या एकटी असतीस आणि धुरांडं दिसलं नसतं, तर?”

“तर…” ती थांबली. “तर बहुतेक कुठलंतरी शोधलं असतं.”

मी तिला रागावले नाही. कुठल्या तोंडानं रागावणार? प्रफुल्लनं न घाबरता लिहून दिलं होतं, दिसलं नाही, आणि मी त्याला हसले होते.

सर वर्गात एकटेच बसले होते. मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला. टेबलावर ठेवला नाही. हेही मी दोन वर्षं करत होते, आणि का ते त्या दिवशी कळलं.

“काय, कशी वाटली जमीन?” त्यांनी विचारलं.

“सर, कासारखेड्याचं धुरांडं पाडलंय.”

त्यांनी चहाचा घोट घेतला, मग दुसरा.

“केव्हा?”

“सोमवारच्या आधी. बडगुजरनं चिठ्ठी दिली होती. मी चढवली नाही.”

“असं.” त्यांचा आवाज एकदम प्रशिक्षकाचा झाला. “मग चूक तुमची, खैरेबाई. नकाशा वेळच्या वेळी दुरुस्त झाला पाहिजे. पोरांचा जीव असतो त्याच्यावर.”

“हो सर, चूक माझीच. पण आज तुम्ही ते बघितलंत.”

बाहेर कुणीतरी डबा ओढत नेत होतं, त्याचा खडखड आवाज लांब गेला. सरांनी कप ठेवायला हात पुढे केला, टेबलाची कड बोटांनी चाचपली, आणि मग ठेवला. आता लपवायचं कारण नव्हतं म्हणून की काय, पण पहिल्यांदाच त्यांनी ते माझ्यादेखत केलं.

“कडेनं दिसतं,” ते म्हणाले. “मधे नाही. जिथे बघावं तिथेच डाग. धावपट्टी बघायला गेलो की नाहीशी होते, बाजूचं गवत दिसतं. तुमचा चेहरा मी दोन दिवाळ्या बघितलेला नाही.”

“आणि डॉक्टरांची तपासणी?”

“अक्षरांचा तक्ता पाठ आहे. तोही नकाशाच.” ते हसले. मला हसू आलं नाही. “खैरेबाई, एक वर्ष. ही तुकडी बाहेर पडू दे. तुम्ही सकाळी सगळं वाचत जा. काहीही गाळू नका, कुणाची चिठ्ठी खोटी समजू नका. बघितलंत ना आज? मिनिटावर आणलं की नाही?”

“आणलंत.”

“मग?”

मी लगेच उत्तर दिलं नाही, हे मला लिहायला हवं. चांगुलपणामुळे थांबले असंही नाही. सर गेले की माझा खडू जाणार होता. कागदावर नसलेल्या बाईला नवा माणूस कशाला वर्ग देईल? आणि सरांना आकाश सोडून दुसरं घर नव्हतं. बायको गेलेली, मूलबाळ नाही, क्लबमागच्या दोन खोल्यांत राहायचे. एक वर्ष मी त्यांची नजर झाले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं? मी वाचण्यात पक्की होते. नऊ वर्षांत एकच चिठ्ठी राहिली होती.

एकच.

“सर, मला मागे का बसवलंत आज?”

त्यांनी खिशातलं पेन चाचपलं. “वाणीची सही राहिली आहे,” ते म्हणाले. “आणा वही. पोरगी वाट बघत असेल.”

मी उड्डाणवही आणली. पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. ‘उद्या एकटीनं जाण्यास परवानगी.’ पुढे रिकामा रकाना. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं.

“बोट,” ते म्हणाले.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं, घट्ट, कारण सवय वाईट असते.

“बोट, खैरेबाई.”

“नाही सर.”

पेन पानावर उतरू लागलं, थांबलं, थोडं डावीकडे गेलं, परत उजवीकडे आलं. त्यांनी मान तिरकी केली. पानाच्या समासाच्याही बाहेर, टेबलाच्या लाकडावर निब टेकलं आणि तिथे शाईचा ठिपका उमटला. त्यांना तो स्पर्शानं कळला असावा. त्यांनी पेन उचललं. टोपण बसवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मी मदत केली नाही. आयुष्यात मी पुष्कळ कामं केली आहेत, त्यातलं हे सगळ्यात अवघड.

पेन माझ्यापुढे धरून ते म्हणाले, “लिहा.”

मी पेन घेतलं.

“हेमांगी वाणी हिची परीक्षा झालेली नाही. पुन्हा घ्यावी.” ते थांबले. “परीक्षकाला दिसत नाही.”

“सर, कारण लिहिलंच पाहिजे असं नाही. तब्येत म्हणून…”

“जे आहे ते लिहायचं, बाई. हवं आहे ते नाही.”

मी लिहिलं. मग रकान्याच्या कडेवर बोट ठेवलं, त्यांना सांगितलं, आणि त्यांनी सही केली. अगदी सरळ रेघेत.

त्याच संध्याकाळी मी वाण्यांच्या दुकानात गेले. गूळ घेतला आणि मुलीसाठी तीन आठवडे मागून घेतले. बाप म्हणाला, “नापास झाली का?” मी म्हटलं, “ती नाही झाली. आम्ही झालो.” त्याला काही कळलं नाही, पण त्यानं दिले. दुसऱ्या क्लबचे प्रशिक्षक आले, परीक्षा झाली, हेमांगी एकटी जाऊन आली. तिच्या चिठ्ठीवर होतं, ‘कासारखेडा. धुरांडं नाही. जागेवर मातीचा ढीग.’ मी ती त्याच क्षणी वहीत चढवली. सर बहिणीकडे राहायला गेले ते परत आले नाहीत. माझा खडू गेला. चार वर्षांनी, लेकीच्या बरोबरीनं अभ्यास करून, रीतसर परीक्षा देऊन मी तो परत घेतला. आता पहिल्या दिवशी मी नवीन पोरांना फळ्यावर काही लिहून देत नाही. प्रत्येकाला उभं करते आणि मोठ्यानं म्हणायला लावते, “दिसलं नाही, बाई.” पोरं हसतात. हसू देत.

पण तो गुरुवार अजून संपलेला नाही. सही झाली, मी वही मिटली आणि उठले. दाराशी पोचले तेव्हा सर म्हणाले, “खैरेबाई.”

“जी सर?”

“तुम्ही विचारलं ते. नदीत काय होतं?”

“मांडव होता सर. लग्नाचा.”

“रंग?”

“लाल आणि पांढरा. पट्ट्यापट्ट्यांचा.”

“कुठे, नेमका?”

मी परत आत आले आणि त्यांच्यासमोरच्या बाकावर बसले. हातात वही नव्हती, नकाशा नव्हता. “पुलाच्या खालच्या अंगाला सर, वाळूत. पाण्याची एक बारीक धार राहिली आहे, तिच्या अलीकडे. चार बैलगाड्या सोडल्या होत्या आणि एक ट्रॅक्टर. चूल पेटवलेली असावी, धूर सरळ वर येत होता.”

“सरळ? म्हणजे खाली वारा नव्हता.”

“नव्हता सर.”

“आणि माणसं?”

“असतील पन्नास-साठ. एक पोर मांडवाबाहेर उभं होतं. आपल्याकडे बघून हात हलवत होतं.”

सरांनी डोळे मिटले, सकाळी मिटायचे तसेच. ओठ हलले. सगळं मनात ठेवून झाल्यावर ते म्हणाले, “पुढे सांगा.”